अलॉय व्हील धुताना: कार शॅम्पू की आयर्न रिमूव्हर?

कंपनीतून आलेल्या बहुतेक अलॉय व्हीलवर रंग आणि त्यावर क्लिअर कोटचा, म्हणजे पारदर्शक संरक्षक लेपाचा पातळ थर असतो. आपण साफ करतो तो हा थर, खालचं ॲल्युमिनियम नव्हे. त्यामुळे दर धुलाईला साधा कार शॅम्पू, वेगळी बादली आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. चिखल, धूळ, ताजी काजळी त्याने निघते आणि कोटला धक्का लागत नाही.

शॅम्पू हरतो तो ब्रेक डस्टपुढे. डिस्क आणि पॅड घासून उडालेले तापलेले लोखंडी कण कोटमध्ये रुततात, गंजतात आणि तपकिरी ठिपके उठतात. तिथे कितीही घासलं तरी ओरखडेच पडतात. आयर्न रिमूव्हर मात्र त्या लोखंडाशी रासायनिक क्रिया करतो. जांभळे ओघळ दिसतात ते त्याचेच. वास उग्र असतो, हातमोजे हवेतच. चाक थंड असताना, सावलीत मारा आणि वाळण्याआधी भरपूर पाण्याने धुवा.

माझं मत स्पष्ट आहे: नेहमी शॅम्पू, ठिपके दिसले तरच रिमूव्हर, तोही पीएच न्यूट्रल, म्हणजे ना ॲसिड ना अल्कली. तीव्र ॲसिडचा क्लीनर नकोच. विशेषतः डायमंड कट (यंत्राने कापून धातू चकचकीत केलेल्या) चाकाचा कोट कुठे उडाला असेल, तर ॲसिड थेट उघड्या धातूला खातं.