जांभ्याच्या मातीत बिनरासायनिक खतं: दिवाळीपासून आषाढापर्यंतचा अनुभव

दापोली तालुक्यात समुद्राच्या बाजूला आमची छोटी वाडी आहे. चार माड, थोड्या पोफळी, आणि घरामागे परसात वांगी, मिरची, अळू, पडवळ. गेल्या दिवाळीपासून या परसात युरियाचा दाणाही टाकलेला नाही. आता आषाढ सरत आलाय, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी मातीविषयी. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभ्याच्या मातीतलं चुना, पालाश (पोटॅश) सगळं धुऊन नेतो. माती आंबट होते. त्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, ते स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात आणि मुळांना मिळू देत नाहीत. त्यामुळे घाटावरच्या लोकांचे व्हिडिओ बघून तेवढंच खत इथे घातलं, तर निम्मं गटारात जातं. माझं ठाम मत झालंय की कोकणात कुठलं खत घालता यापेक्षा माती उघडी ठेवता की झाकता, हे मोठं.

म्हणून पहिला मान पातेऱ्याला, म्हणजे झाडाखाली गळलेल्या वाळक्या पानांना. आंबा-फणसाखालचा पातेरा लोक झाडून जाळतात, ते बघून जीव तुटतो. मी तो आळ्यात वीतभर जाड पसरला. चैत्रात बाजूची जमीन कुदळीला दाद देत नव्हती, तेव्हा पातेरा बाजूला केला तर खालची माती ओलसर, काळपट, पानांना पांढरे बुरशीचे धागे आणि गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या. मिरचीला एक दिवसाआड पाणी पुरलं.

दुसरा गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडियाचं झाड. गडग्याला (दगडी कुंपणाला) लावलेलाच होता. कोवळा पाला छाटून आळ्यात घातला आणि वर पातेरा टाकला. हा पाला नत्राचा (नायट्रोजनचा) खरा साठा आहे आणि लवकर कुजतो. वांग्याची पानं पंधरवड्यात गडद झाली. एवढंच, की गिरिपुष्पाला फुलं यायला लागली की त्याची पानं झडतात, म्हणून छाटणी त्याआधी उरकावी.

जीवामृताबद्दल, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या पातळ खताबद्दल, बरेच जण विचारतात. त्याचं नेहमीचं २०० लिटरचं प्रमाण परसाला फार होतं, मी ते विसाव्या हिश्श्यावर आणलं: १० लिटर पाणी, अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन, मूठभर बांधावरची माती. सावलीत ठेवून रोज दोनदा ढवळायचं आणि आठवड्याच्या आत संपवायचं. पातेऱ्यावर ओतलं तिथे कुजणं वेगात झालं. उघड्या वाफ्यात मला फरक दिसला नाही. ते एकटं पोट भरणारं खत नाही, विरजण आहे.

गांडूळ खत उत्तम, पण लाल मुंग्या सांभाळा. टाकीचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवल्यावरच त्रास थांबला. विकतच्या एका पिशवीत निम्मी वाळू निघाली, तेव्हा घरीच करा.

चुलीची राख पालाश देते आणि आंबटपणाही कमी करते. मूठभरच घाला, आणि ताज्या शेणात कधी मिसळू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

मासळीची डोकी, आतडी माडाला फार मानवतात. हातभर खोल पुरून वर दगड ठेवावा, नाहीतर कुत्री उकरतात. खारवलेल्या सुक्या मासळीचा चुरा मात्र नको, त्यातलं मीठ मातीत उतरतं.

सोडणं, म्हणजे नारळाची वरची सालं, तर फुकटची. माडाभोवती चर खणून, खोलगट बाजू वर करून थर लावले. भिजलं सोडण स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त पाणी धरतं आणि पाच-सात वर्षं टिकतं, त्यामुळे माडाच्या फळावर परिणाम बघायला अजून वेळ आहे. भाजीचा निकाल मात्र हातात आलाय: वांगी पूर्वीइतकीच आली, मिरची जास्त, पडवळ थोडं कमी. पडवळाला पुढच्या वेळी लावणीआधी कुजलेलं शेणखत आणि करंजाची पेंड जास्त देणार आहे.