नाइल्स कॅनियन रेल्वे: फ्रीमाँटला आहे काय, म्हणणाऱ्यांनी एकदा बसून बघा

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये बघण्यासारखं काही नाही असं इथे राहणारे आपले लोकच सांगत सुटतात, आणि मग गोल्डन गेट झाला, मंदिर झालं की इंडियाहून आलेल्या आईबाबांना कॉस्टकोत फिरवत बसतात. त्यापेक्षा त्यांना या गाडीत बसवा. नाइल्स ते सुनोल आणि परत, आरामात जाणारी जुनी गाडी. फक्त माथेरानच्या गाडीची अपेक्षा ठेवू नका, ही मोठ्या रुळांवरची खरीखुरी मेन लाइन आहे, नुसती साधीसुधी नाही तर ट्रान्सकॉन्टिनेंटलची, म्हणजे अमेरिकेचा पूर्व आणि पश्चिम भाग जोडणाऱ्या पहिल्या रेल्वेची.

म्हणजे बघा, मे १८६९ मध्ये युटाहमध्ये दोन्हीकडचे रूळ जुळले म्हणून तो सोन्याचा खिळा ठोकला तरी पश्चिमेकडची गाडी सॅक्रामेंटोलाच थांबत होती, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे (खाडी) पर्यंत ती आली सप्टेंबर १८६९ ला आणि आली ती याच दरीतून. गाडी इथूनच का, ते डब्यातून बघताना आपोआप कळतं. दोन्ही बाजूला डोंगर, मधून अलामेडा क्रीक (ओढा), आणि क्रीकच्या काठाकाठाने रूळ. हा क्रीक दरीतून बाहेर पडताना जो गाळ आणि खडी टाकत आला त्याच्यावरच आजचं फ्रीमाँट बसलंय. क्वारी लेक्सला आपण पोरांना घेऊन पिकनिकला जातो ना, ते तळे म्हणजे खडीच्या जुन्या खाणी, रेल्वेसाठीसुद्धा तिथली खडी गेलेली. आणि दरीच्या तोंडाशी हेवर्ड फॉल्ट, म्हणजे भूकंप घडवणारी जमिनीतली भेग आहे, १८६८ च्या भूकंपात मिशन सॅन होजे या जुन्या स्पॅनिश धर्मकेंद्राचं (१७९७ चं) चर्च पडलं ते त्याच्यामुळेच. आत्ता दिसतं ते १९८५ ला पूर्ण झालेलं, जुन्यासारखं बांधलेलं.

आता फ्रीमाँटला धड डाउनटाउन का नाही म्हणून सगळे कुरकुरतात त्याचं उत्तर पण या इतिहासातच आहे. फ्रीमाँट नावाचं गावच नव्हतं हो! नाइल्स, सेंटरव्हिल, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज अशी पाच गावं १९५६ मध्ये एकत्र आली आणि शहर झालं. शेजारचं न्यूअर्क आधीच वेगळं शहर झालेलं, म्हणून ते आज चारी बाजूंनी फ्रीमाँटच्या पोटात आहे. 

गाडीबद्दल. उघड्या डब्यात बसा, मजा तिथेच आहे, बंद डब्यात ऊन लागत नाही एवढंच. स्टीम इंजिन रोज नसतं, बऱ्याचदा डिझेल असतं, तर आधी वेबसाइटवर बघून मगच बुकिंग करा नाहीतर पोरं तोंड पाडून बसतील. स्टीम असेल तर पांढरे कपडे घालू नका, कोळसा नसतो पण काजळी उडतेच. चालवणारे सगळे व्हॉलंटिअर, काही आजोबा तर असे रंगून सांगतात की स्टेशन कधी आलं कळत नाही. १९८४ ला सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीने ही लाइन सोडून दिली, रूळसुद्धा उपटले होते, या लोकांनी ते परत टाकले आणि १९८८ पासून गाडी सुरू केली. सुट्टीच्या दिवशी फुकट रूळ टाकायला जायचं, विचार करा.

कंटाळा कोणाला येईल? वेगाची आवड असणाऱ्यांना, आणि फोनवर असणाऱ्यांना, कारण दरीत सिग्नल मिळेलच असं नाही. खाण्याचं म्हणाल तर घरून काहीतरी आणा, किंवा परत आल्यावर नाइल्सच्या मुख्य रस्त्यावर, नाइल्स बुलेवार्डवर बसा. तिथेच मूकपटांचं एसॅने म्युझियम आहे, चार्ली चॅप्लिन १९१५ मध्ये एसॅने या फिल्म कंपनीच्या नाइल्सच्या स्टुडिओत काम करायला आला होता, ते जमलं तर बघाच.

पाचपैकी साडेचार. डिसेंबरच्या आसपास दिव्यांची गाडी असते, तिची तिकिटं भराभर संपतात आणि सगळे तिच्याच मागे लागतात, पण अंधारात दरी काय दिसणार? पहिल्यांदा जाणार असाल तर दिवसाची गाडी घ्या, आणि पाऊस पडून गेल्यावर जा, तेव्हा डोंगर हिरवे असतात आणि क्रीकला पाणी असतं.