हप्ता कमी करून मागितला तर म्हणाले आधी थकवा, मग बोलू! पर्सनल लोनचा अनुभव, ५ पैकी १ स्टार

एका फायनान्स कंपनीच्या पर्सनल लोनचा अनुभव लिहितेय. नाव टाकत नाही, कारण मला भांडण वाढवायचं नाहीये आणि चार जणींशी बोलल्यावर कळलं की कंपनी बदलली तरी गोष्ट तीच असते.

तर लोन ३ लाखांचं, ३६ महिने, १८ टक्के, हप्ता १०,८४६ रुपये. जानेवारी २०२३ पासून दर ५ तारखेला खात्यातून कटायचा. १९ हप्ते गेले, एकही बाऊन्स नाही. लोन देताना सर्व्हिस एक नंबर होती हे खरंच सांगते, माणूस घरी आला, फोटो काढले, दोन दिवसात पैसे खात्यात. १ स्टार त्याचाच.

जुलै २०२४ च्या शेवटी मिस्टर कामावरून येताना मोशीजवळ गाडीवरून पडले, उजव्या हाताला प्लेट टाकावी लागली. ते भोसरी एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर, कॉन्ट्रॅक्टवर. म्हणजे काम नाही तर पगार नाही. डॉक्टर म्हणाले चार महिने मशीनला हात लावायचा नाही. मी घरी ब्लाऊज आणि पिको फॉल करते, त्यात किराणा आणि पोराची फी निघते, त्यावर १०,८४६ कुठून काढणार.

म्हणून मी हप्ता चुकायच्या आधीच फोन केला, ही गोष्ट नीट वाचा, आधीच. म्हटलं चार महिने ५-५ हजार घ्या, डिसेंबरपासून पूर्ण भरते, मुदत वाढवा, वरचं व्याज लावा, माझी काही ना नाही. मुद्दल राहिलं होतं साधारण १ लाख ६१ हजार. कॉल सेंटरवाली म्हणाली मॅडम सिस्टिममध्ये तसा ऑप्शनच नाही. मग ब्रांचला गेले, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, हाताने लिहिलेला अर्ज असं सगळं घेऊन. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचला, चांगला दोनदा वाचला, आणि घडी घालून परत माझ्या हातात दिला. पोच म्हणून एक शिक्का मागितला तर म्हणे असा अर्ज आम्ही घेतच नाही. यूपीआयने ५ हजार आत्ता भरते म्हटलं तर म्हणे भरा, पण हप्ता पूर्ण नाही आला तर बाऊन्सच दिसणार.

ऑगस्टचा हप्ता बाऊन्स झाला. कंपनीचा दंड ५९०, बँकेने वेगळे कापले, आणि तीन दिवसांनी त्यांनी परत मँडेट टाकलं, म्हणजे बँकेकडे परत हप्ता मागितला, खात्यात पैसे नाहीत हे माहीत असून, की परत तेच दोन्ही दंड. जे पैसे हप्त्यात गेले असते ते दंडात गेले.

मग वसुलीचे फोन सुरू. सकाळी ७ वाजून २० मिनिटांनी पहिला. मिस्टरांच्या सुपरवायझरला केला, शेजारच्या काकूंना केला. एक जण म्हणाला हप्ता बाऊन्स म्हणजे चेक बाऊन्ससारखीच केस होते, जेलमध्ये जाल. कायदा तसा आहे हे खरं, २००७ च्या पेमेंट सिस्टिमच्या कायद्यात कलम २५ आहे, पण ते एका आजारी माणसाला सकाळी सात वाजता ओरडून सांगायचं असतं का? सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

सप्टेंबरचाही हप्ता बाऊन्स झाला. साठ दिवस होत आले तेव्हा परत ब्रांचला गेले तर तेच साहेब आवाज खाली करून म्हणाले, "ताई, अजून महिनाभर काहीच भरू नका, ९० दिवस झाले की खातं एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत धरलं जातं, मग मी तुम्हाला १ लाख १० हजारात सेटलमेंट करून देतो." मला खरंच समजेना. मी पूर्ण पैसे द्यायला तयार, फक्त चार महिने हळू, तर नाही म्हणताय, आणि थकवलं तर ५० हजार सोडताय? आणि एकरकमी १ लाख १० हजार माझ्याकडे असते तर मी अर्ज घेऊन आले असते का? वर सिबिलवर, म्हणजे लोनच्या रेकॉर्डवर, "सेटल्ड" लागतं ते वेगळं, पुढचं लोन मागायला गेलं की तेच आधी दिसतं.

नंतर एका ओळखीच्या बँकवाल्या दादांनी समजावलं की असं का करतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमात एरवी अडचणीतल्या माणसाचा हप्ता बदलून दिला, रिस्ट्रक्चर केलं, की चांगलं चाललेलं खातंही तिथल्या तिथे एनपीएत टाकावं लागतं, त्यासाठी कंपनीला पैसे बाजूला काढावे लागतात. म्हणून ब्रांचचा माणूस हात लावत नाही, ९० दिवस आपोआप होऊ देतो. हे कळलं पण पटलं नाही. कारण करोनात हेच सगळं झालं होतं ना, मार्च ते ऑगस्ट २०२० सहा महिने मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते थांबवायची सवलत, मग ऑगस्ट २०२० मध्ये आणि परत मे २०२१ मध्ये रिस्ट्रक्चरची खास सवलत, खातं एनपीए न करता. माझ्या भावाच्या टेम्पोच्या लोनला मुदत वाढवून मिळाली होती. तेव्हा सिस्टिममध्ये ऑप्शन आला कुठून?

आणि याच चार महिन्यात आमच्या भागातल्या पतसंस्थेचं माझं शिलाई मशीनचं ६० हजारांचं लोन पण चालू होतं. तिथे हाच अर्ज दिला, मॅनेजर सरांनी शिक्का मारून कॉपी दिली, पुढच्या मीटिंगमध्ये ठेवला आणि सांगितलं ताई फक्त व्याज भरा, मुद्दल डिसेंबरपासून. बस. एक फोन नाही आला. त्यांना ५ पैकी ५.

शेवटी मी ऑक्टोबरच्या १५ तारखेला, ७१ व्या दिवशी, पाटल्या मोडल्या. आईने लग्नात दिलेल्या. सोनाराने तराजूत टाकल्या तेव्हा मिस्टर दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. तिन्ही हप्ते आणि सगळे दंड भरून टाकले, नोव्हेंबरचा पण बाजूला ठेवला.

तक्रारीचं सांगते कारण कुणाला उपयोग होईल. ऑगस्टमध्येच कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला होता, ३० दिवसात धड उत्तर नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकली, फुकट आहे, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ नंबर. दोन गोष्टी झाल्या. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत असं २०२२ चं परिपत्रक आहे, माझ्याकडे कॉल लॉगचे स्क्रीनशॉट होते, ते फोन बंद झाले. आणि दंडावर परत व्याज लावलं होतं, ते २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे चालत नाही, ते १,३४० रुपये परत आले. पण हप्ता कमी करून द्या यावर लोकपाल काही करू शकत नाही, तो कंपनीचा व्यावसायिक निर्णय धरतात. म्हणजे ज्याच्यासाठी मी पहिल्या दिवशी गेले होते ते सोडून बाकी सगळं मिळालं.

म्हणून लोन घेताना व्याजदर विचारता तसं हेपण विचारा, चार महिने अडचण आली तर काय करता, आणि उत्तर लेखी मागा. अर्जाची पोच नाही दिली तर त्याच दिवशी ईमेल करा, माझ्या कामी तोच आला.

मिस्टर डिसेंबरमध्ये कामावर गेले. शेवटचा हप्ता डिसेंबर २०२५ ला कटला, एनओसी आली. सिबिल रिपोर्ट काढला तर दर महिन्याची एक चौकट असते, त्यात हप्ता किती दिवस थकला तो आकडा; ३६ चौकटीतल्या ३४ मध्ये शून्य आहेत, ऑगस्ट २०२४ मध्ये २६ आणि सप्टेंबरमध्ये ५६.