चिऱ्याच्या घरात स्मार्ट होम: झिग्बी घेतलं आणि घर एकदाचं मार्गी लागलं

आमचं घर गोव्यात फोंड्याजवळ बांदिवड्याला, आजोबांच्या वेळचं. हातभर जाड चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, पुढे वसरी, मागे न्हाणी, विहीर आणि मोटर. हे आधीच सांगतोय कारण स्मार्ट होमचे जे व्हिडिओ बघायला मिळतात ते बहुतेक शहरातल्या फ्लॅटमधले असतात, तिथे एक राउटर लावला की सगळ्या खोल्यांत वायफाय पोचतो. आमच्याकडे हॉलमधला सिग्नल दुसऱ्या भिंतीपाशीच संपतो आणि न्हाणीत तर मोबाईललाच रेंज नाही. तेव्हा कुणाचं घर असं जुनं चिऱ्याचं असेल त्यांच्यासाठी खास हा रिव्ह्यू.

सुरुवातीला दोन वर्षं मी जे ऑफरमध्ये दिसेल ते घेत गेलो. एका कंपनीचे बल्ब, दुसऱ्याचे प्लग, तिसऱ्याचं पंख्याचं टच पॅनल. तिन्हीची तीन ॲप. सगळं वायफायवर, तेही फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारं, आणि आमचा राउटर २.४ आणि ५ एकाच नावाने दाखवायचा त्यामुळे जोडतानाच तासन्तास जायचे. पावसात लाईट जाऊन आली की निम्म्या वस्तू ऑफलाईन. टच पॅनलच्या ॲपला तर नंतर अपडेट यायचंच थांबलं, नवीन मोबाईलवर ते उघडेना, आणि सहा हजार रुपयांचं पॅनल नुसतं बटण म्हणून भिंतीवर राहिलं. एका संध्याकाळी आई देवाकडे दिवा लावायला उठली आणि खोलीतला बल्ब काही पेटेना, बटण चालू होतं पण ॲपमधून कुणीतरी बंद केलेला. ती म्हणाली, "बटण दाबलं की उजेड पडायलाच हवा रे बाबा, तुझा मोबाईल मी कुठे शोधू?" हे मला फार लागलं आणि खरं सांगायचं तर त्या दिवसानंतर मी वस्तू निवडण्याची पद्धतच बदलली. भिंतीवरचं बटण आधीसारखं चाललं पाहिजे, इंटरनेट गेलं तरी घर चाललं पाहिजे, आणि सगळं एकाच ठिकाणी जोडता आलं पाहिजे. यात बसत नसेल तर कितीही स्वस्त असो, घ्यायचं नाही.

म्हणून बल्ब काढले आणि बोर्डाच्या आत, जुन्या बटणाच्या मागे बसतात ती छोटी झिग्बी मॉड्यूल घेतली, सोनॉफ कंपनीची झेडबीमिनी. झिग्बी म्हणजे वायफायऐवजी अशा वस्तूंनी एकमेकांशी बोलायची वेगळी बिनतारी पद्धत. बटण तेच राहतं, आईला काही नवीन शिकावं लागत नाही आणि मोबाईलवरूनही चालतं. पण घेण्याआधी बोर्ड उघडून बघा, ही माझी हात जोडून विनंती. मी वायरमनला बोलावलं, त्याने वसरीतल्या बोर्डाचं झाकण काढलं तर आत लाकडी पेटीच्या कोपऱ्यात पालीची दोन अंडी, जुन्या वायरवरचं रबर इतकं कडक की बोट लावलं की तुकडा पडायचा, आणि टेस्टर फिरवून तो म्हणाला, "हांगा न्यूट्रल ना," म्हणजे इथे न्यूट्रल, वीज परत नेणारी वायर, नाहीच. ज्या बोर्डावर सॉकेट असतं तिथे न्यूट्रल बहुतेक सापडते, पण नुसत्या बटणांच्या जुन्या बोर्डात फेज आणि दिव्याकडे जाणारी वायर एवढंच असतं. तिथे न्यूट्रल न लागणारं एल२ मॉडेल लावलं, बाकी ठिकाणी न्यूट्रलवालं आर२. दोन्ही दिसायला सारखी पण मोठा फरक आहे, न्यूट्रलवालं मॉड्यूल पुढच्या वस्तूचा सिग्नल पुढे ढकलतं, एल२ तसं करत नाही, ते फक्त स्वतःपुरतं. सगळीकडे एल२ लावली असती तर मागची न्हाणी परत अंधारातच राहिली असती.

चिऱ्याच्या घरात झिग्बी का चाललं त्याचं कारण पण हेच. सिग्नल वायफायसारखाच २.४ गिगाहर्ट्झचा, भिंतीपुढे तोही कमजोरच. पण कायम विजेवर असलेली प्रत्येक वस्तू हातातून हातात दिल्यासारखी सिग्नल पुढे देते. मागच्या दारावरचा सेन्सर पहिले चार दिवस सारखा तुटत होता, मग मधल्या पॅसेजमध्ये एक झिग्बी प्लग नुसता खोचून ठेवला, त्याला काही जोडलेलं पण नाही, आणि तेव्हापासून सेन्सर एकदाही गेलेला नाही. वायफाय चॅनल १ वर आणि झिग्बी २५ वर ठेवलं म्हणजे दोघं एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. आणि हबला झिग्बीशी जोडणारी यूएसबी स्टिक थेट पोर्टात न लावता एक मीटरच्या एक्स्टेंशन वायरवर लावा, यूएसबी ३ चा गोंधळ याच बँडमध्ये होतो.

हब, म्हणजे सगळ्या वस्तू एकत्र चालवणारा मेंदू, म्हणून रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट नावाचं सॉफ्टवेअर चालवतोय. बसवायला दोन रविवार गेले, सोपं आहे असं मी म्हणणार नाही. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांना ॲमेझॉनचा चौथ्या पिढीचा मोठा एको स्पीकर मिळाला तर बघा, त्यात झिग्बी हब आतच आहे, त्याच पिढीच्या लहान एको डॉटमध्ये नाही, दुकानात हा फरक कोणी सांगत नाही. पण इंटरनेट गेलं की त्याची रुटीन, म्हणजे आपोआप व्हायची ठरवलेली कामं, अडतात, म्हणून मी पायवरच थांबलो. पायला बंद असताना चालणारं घड्याळ नाही, लाईट गेली आणि नेटही नसेल तर उठल्यावर त्याला वेळच कळत नाही, शिवाय एसडी कार्ड खराब होतं. तेव्हा पाय, राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या आणि कार्डऐवजी एसएसडी लावा.

आता मॅटरबद्दल, कारण फोंड्याच्या वरच्या बाजारात सुद्धा आता दुकानदार "मॅटर आहे, सगळ्याला चालतं" म्हणतो. मॅटर म्हणजे २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेला सामायिक नियम, ॲपल, गुगल, ॲमेझॉन, सॅमसंग सगळे त्यात आहेत, आणि वस्तू घरातल्या घरात बोलतात ही खरंच चांगली गोष्ट. पण मॅटरची वस्तू वायफायवर असू शकते किंवा थ्रेडवर, म्हणजे झिग्बीसारख्याच दुसऱ्या बिनतारी जाळ्यावर, आणि थ्रेडवाली असेल तर ते जाळं घरच्या नेटवर्कला जोडणारा थ्रेड बॉर्डर राउटर लागतो. मी थ्रेडचा दाराचा सेन्सर आणला आणि माझ्याकडे फक्त डॉट, तो जोडलाच गेला नाही, परत करावा लागला. खोक्यावर मॅटरचं चिन्ह बघून थांबू नका, बाजूला थ्रेड लिहिलंय का ते वाचा.

दुबईहून भावजींनी चार प्लग आणले होते, प्रेमाने आणलेले, पण चौकोनी पिनांचे. व्होल्टेजचा प्रश्न नाही पण ॲडॉप्टर लागतो, आणि ॲडॉप्टरवर गिझर कधीच लावू नका, माझा ॲडॉप्टर दहा मिनिटांत हात लावता येणार नाही इतका तापला. आता ते टेबल लॅम्पला आहेत. गिझरचा हिशोब सरळ आहे, २००० वॉट भागिले २३० म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर, तोही सलग. १० अँपिअरचा प्लग कागदावर पुरतो पण मी १६ चाच घेतला. आणि सेटिंगमध्ये लाईट परत आल्यावर गिझर बंदच राहील असं ठेवा, नाहीतर रात्री दोनला लाईट आली की गिझर चालू. मोटर तर कुठल्याही प्लगवर नको, चालू होताना कितीतरी पट करंट ओढते, मॉड्यूलचे कॉन्टॅक्ट चिकटतात. आमच्याकडे वायरमनने कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट पेलणारा विजेवरचा स्विच, बसवला, मॉड्यूल फक्त कॉन्टॅक्टरला हुकूम देतं, आणि २५ मिनिटांनी मोटर बंद होते. पूर्वी आठवड्यातून एकदा तरी टाकी भरून अंगणात पाणी वाहायचं.

पंख्यांबद्दल थोडक्यात, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणारा, रिमोटवाला) असेल तर त्याच्यावर मॉड्यूल वगैरे लावू नका, त्याचा रिमोट आयआरचा असेल तर आयआर ब्लास्टर, म्हणजे मोबाईलच्या हुकमावर रिमोटचे सिग्नल सोडणारी डबी, पुरतो. पण कुणी हातातल्या रिमोटने बंद केला तर ॲपला कळत नाही, हे सहन करावं लागतं.

एकूण खर्च वायरमन धरून साधारण २४ हजार आला, तीन ॲपवाल्या वस्तूंत घातलेले पैसे वेगळे. मॉड्यूल आणि झिग्बी प्लगना मी पाचपैकी साडेचार देईन, आयआर ब्लास्टरला तीन. जुलैत रस्त्यावर झाड पडून दीड दिवस लाईट आणि नेट दोन्ही नव्हतं, तरी सूर्यास्ताला वसरीतला दिवा इन्व्हर्टरवर बरोबर लागत होता, कारण तो हिशोब पाय घरातच करतो. आईने दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारलं, तुळशीकडच्या दिव्याला पण असं करता येईल का. बाहेरच्या ओलीत चालेल असा पाणीबंद डबा बघतोय, चवथीआधी बसवायचाय.