कर्ज शोधून देणारं ॲप, आठ महिन्यांनंतर: 999 परत आले, 179.82 अजून नाहीत

अमळनेरला आमची पिठाची गिरणी आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आठ दिवस आधी मोटारीचं वाइंडिंग जळालं. लेकी माहेरी यायच्या, घरोघरी सांजोऱ्यांची तयारी, दळणाचे डबे दारात रांगेने लागलेले आणि गिरणी बंद. नवी मोटार, पट्टा, जात्याचं काम मिळून साठ हजारांचा आकडा निघाला. बँक म्हणाली पंधरा दिवस लागतील. रोज संध्याकाळी वसुलीला येणाऱ्या फायनान्सवाल्याकडे मला जायचं नव्हतं. म्हणून हे ॲप घेतलं. ही ॲपं कर्ज देत नाहीत, देणारी वित्तसंस्था वेगळी आणि हे मधले, हे आता सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर लिहीत नाही.

चांगलं काय ते आधी सांगते. तिसऱ्या दिवशी पैसे खात्यात आले. मोबाईलमधले नंबर, फोटो काही मागितलं नाही (तशी रिझर्व्ह बँकेची मनाईच आहे). आठ महिन्यांत हप्ता एक रुपयाही जास्त कापला नाही. आखाजीच्या आदल्या दिवशी गिरणी सुरू झाली, हे मी विसरणार नाही.

आता 1,178 रुपये 82 पैशांचं. कागदपत्रं चढवताना एका पानावर पैसे भरायला सांगितलं, मी यूपीआयने भरले. मला वाटलं हीच प्रोसेसिंग फी. पण साठ हजारांच्या कर्जातले जमा झाले ते 58,584. म्हणजे प्रोसेसिंग फी 1,200 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 216, असे 1,416 वेगळे कापलेले. ते केएफएसमध्ये, म्हणजे कर्जाची सगळी माहिती एका जागी देणाऱ्या कागदावर, स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मग आधीचे कसले? ते निघाले कुठल्याशा ‘प्रोफाइल सहाय्य योजने’चे. 999 अधिक जीएसटी 179.82. मुलीने तिच्या फोनवर तेच पान उघडून दाखवलं: खाली फिकट अक्षरात एक ओळ आणि तिच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली.

ॲपच्या चॅटवर अकरा वेळा लिहिलं, अकरा वेळा तेच उत्तर: शुल्क परत मिळत नाही. त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला, तर म्हणे सेवा वापरून झाली आहे. दोन महिने मी चुकीच्या दारात उभी होते. ज्यांना असे पैसे परत हवेत त्यांनी मधल्या माणसाशी भांडत बसू नये, कर्ज देणाऱ्या संस्थेला धरावं. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत सरळ लिहिलंय की मधल्याचं शुल्क कर्ज देणाऱ्याने द्यायचं, मधल्याने ते कर्जदाराकडून घ्यायचं नाही. आणि 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या कर्जांना केएफएसचा जो नियम लागू आहे, त्यात त्या कागदावर नसलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. आधीच मारलेली खूण म्हणजे माझी संमती नव्हे.

मी वित्तसंस्थेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी पाहणाऱ्याला, चारच ओळी लिहिल्या. “हे शुल्क तुमच्या केएफएसमध्ये नाही. ते तुमच्या वतीने काम करणाऱ्याने माझ्याकडून घेतले. यूपीआयचा व्यवहार क्रमांक सोबत आहे. 30 दिवसांत पूर्ण रक्कम परत न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करीन.” सोबत केएफएसचं पान, त्या चौकटीचा फोटो आणि बँकेच्या स्टेटमेंटमधली ती एक नोंद. बाकी रागाचं काहीही लिहिलं नाही, लिहावंसं खूप वाटत होतं.

एकोणिसाव्या दिवशी, कानबाईच्या रोटांचं दळण चालू असताना, मेसेज आला: 999 जमा. मला खरंच आनंद झाला. त्या रात्री मी या ॲपबद्दल चांगलं लिहायला बसले होते. मग आकडा पुन्हा पाहिला. 179.82 कुठे?

उत्तर आलं की जीएसटी सरकारजमा झाला, तो परत होत नाही. सासूबाई म्हणाल्या, “जाऊ दे वं बाई, एवढ्याशा पैसानं काय व्हस.” पण आमच्याकडे दळणाला किलोमागे सहा रुपये. 179.82 म्हणजे तीस किलो दळण, दोन तास पिठाच्या धुरळ्यात उभं राहणं. दळणाला येणारा एक मुलगा सीएच्या ऑफिसात काम करतो, त्याने सांगितलं की सेवेचे पैसे परत केले की विकणारा क्रेडिट नोट, म्हणजे बिल कमी केल्याचा कागद, काढतो आणि जीएसटीही त्यातच वळता होतो. जीएसटी कायद्याचं कलम 34. मी तेच लिहून पाठवलं. त्यांनी ‘तक्रार बंद’ असा शेरा मारला.

मग मी रिझर्व्ह बँकेच्या 14448 ला फोन केला, समोरच्या बाई मराठीत नीट बोलल्या. सीएमएस या तिच्या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, फी काही नाही. आधी वित्तसंस्थेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते, म्हणून ते सगळे ईमेल जपून ठेवले होते त्याचा उपयोग झाला. एक राहिलंच: त्याच योजनेचा दरवर्षीचा ऑटोपे चालू होता, तो यूपीआय ॲपमध्ये जाऊन बंद केला. तेवढं सगळ्यांनी आधी तपासावं.

वरचं लिहून, शीर्षकासकट, आठवडा झाला. आज सकाळी वित्तसंस्थेतून फोन आला, बोलणारा मुलगा नम्र होता, म्हणाला राहिलेली रक्कम पाठवली आहे. दुपारी जमा झाली, सोबत क्रेडिट नोट ईमेलवर. ॲपला दोन तारे देणार होते, तीन देते. चौथा नाही, कारण मुलीने आत्ता पुन्हा पाहिलं तर ती चौकट अजून तशीच खूण करून ठेवलेली आहे.

सासूबाई चुलीवर भरिताची वांगी भाजत होत्या. त्यांनी विचारलं, “उनात का पैसा?” आले का पैसे, म्हणजे.

उनात. ब्याऐंशी पैशांसकट.