पाठीवरची डायपर बॅग: घेताना काय बघावं, भरताना काय टाळावं

पाठीवर घ्यायच्या डायपर बॅगा दहा नावांनी विकल्या जातात, पण बहुतेकींचा साचा एकच असतो. पॉलिस्टरचं कापड, तोंड उघडं राहावं म्हणून वर तारेची चौकट, पुढे बाटल्यांचे कप्पे आणि पाठीला टेकणाऱ्या बाजूला एक आडवी-उभी फिरणारी चेन. किंमत साधारण हजार ते अडीच हजार. बाळाला घेऊन वेळेवर घराबाहेर पडायचं असेल तर ही बॅग घ्यावी, आणि त्याचं मुख्य कारण ती मागची चेन आहे. तळाशी ठेवलेलं झबलं काढायला वरचा सगळा पसारा उपसावा लागत नाही.

दुकानात बॅग रिकामी बघू नका. आत दोन-तीन चादरी कोंबा आणि एका हाताने चेन ओढा. दुसरा हात बाळावर असतो, म्हणून ही परीक्षा महत्त्वाची. चेन कोपऱ्यावर अडकत असेल, किंवा कापड दुसऱ्या हाताने ताणून धरावं लागत असेल, तर ती बॅग सोडा. आतलं अस्तर फिक्या रंगाचं हवं. काळ्या अस्तरात काळं टोपडं सापडत नाही. खांद्याचे पट्टे शिवणीपाशी उलटसुलट टाके मारून पक्के केलेले आहेत का, तेही बघा. रिकामी बॅग पाऊण किलोची असते. त्यात पाण्याची बाटली, वाईप्सचं मोठं पाकीट, कपडे आणि डायपर गेले की तीन किलो सहज होतात आणि पहिली उसवते ती हीच शिवण.

आता विक्रेते ज्याचं सगळ्यात जास्त कौतुक करतात ते ‘थर्मल’ कप्पे. आत पातळ फोम आणि चंदेरी फॉइल, बस्स. त्यात गरम दूध गरम राहत नाही, हळूहळू निवत जातं, आणि कोमट दूध म्हणजे जंतूंना हवं तसं तापमान. त्यामुळे तयार दूध त्यात घालून निघू नका. पावडरचं दूध देत असाल तर मोजलेली पावडर कोरड्या डबीत आणि उकळलेलं पाणी स्टीलच्या थर्मासमध्ये वेगळं न्या. पावडर कालवताना पाणी किमान 70 अंश हवं, मग बाटली थंड पाण्यात धरून निववायची आणि तयार दूध दोन तासांत संपवायचं. उरलेलं ओतून द्यायचं. आईचं काढलेलं दूध 25 अंशांपर्यंत चार तास टिकतं, पण आपला एप्रिल-मे त्या हिशेबात बसत नाही. तेव्हा गोठवलेले आइस पॅक हवेतच, आणि त्यांच्यासाठी मात्र हा कप्पा उपयोगी आहे, त्याला चेन असेल तर. नुसतं वरून उघडं तोंड असेल तर नाही.

बाबागाडीला अडकवायचे हूक सोबत येतात. ते वापरणं धोक्याचं आहे. हलक्या गाडीच्या दांड्यावर तीन किलो लटकवले आणि बाळाला उचललं की गाडी मागे कलंडते. बाळ आत असतानाही चढावर कलंडू शकते. बॅग खालच्या जाळीत ठेवा. यूएसबीचं भोक असलेली बॅग मुद्दाम घेऊ नका: आत फक्त वायर असते, पॉवर बँक आपलीच, आणि पावसात पाणी तिथूनच शिरतं. उलगडून पलंग होणारी बॅगही नको. पलंगाच्या घडीने मागची चेन अनेकदा झाकली जाते, वजन वाढतं, आणि त्या मऊ कडांमध्ये बाळाला झोपवणं सुरक्षित नाही.

भरण्याची पद्धत अशी ठेवा. दर दोन-तीन तासांना एक डायपर आणि वर दोन जादा. तळाशी कपड्यांचे दोन जोड, प्रत्येक जोड वेगळ्या पिशवीत, त्याच पिशवीत नंतर ओले कपडे जातात. दोन डायपर, छोटं वाईप्सचं पाकीट आणि रबरी शीट एका हातात मावेल अशा वेगळ्या पाकिटात. दवाखान्याच्या बाथरूममध्ये तेवढंच न्यायचं. लसीचा दिवस असेल तर कार्ड बाहेरच्या कप्प्यात आणि अंगात सैल बाह्यांचं, पुढून उघडणारं झबलं, कारण सुई मांडीवर आणि दंडावर टोचतात. लसीनंतर अर्धा तास तिथेच थांबायचं असतं, त्यामुळे एका दुधाची वेळ तिथेच येईल हे धरून चाला.

पण भरलेली बॅगही क्रम चुकला की कामाची नाही. दहाला निघायचं तर मोठ्यांचं आवरणं, चपलांसकट, नऊच्या आत. सव्वानऊला दूध, मग खांद्यावर घेऊन ढेकर. डायपर दुधानंतर बदला, आधी नाही: पोट भरलं की आतडी हलतात आणि बाळ लगेच शी करतं. बाहेरचे कपडे सगळ्यात शेवटी, कारण ढेकरेबरोबर दूध अंगावर येतं. तोवर अंगात जुनं झबलं, गळ्याला लाळेरं. रिक्षा किंवा कॅब कपडे चढवल्यावरच बोलवा. आणि घरी परतलात की हात धुवून आधी डायपर मोजून भरा, ओल्या पिशव्या बाहेर काढा, बाटल्या घासायला टाका.

बॅग मशीनमध्ये धुऊ नका, फोमचे गोळे होतात आणि चंदेरी फॉइल सुटते. ओल्या फडक्याने साबण लावून पुसा, सगळ्या चेना उघड्या ठेवून सावलीत वाळवा. पावसाळ्यात आत वर्तमानपत्राचे बोळे घालून रात्रभर पंख्याखाली ठेवा. खालच्या शिवणीत ओल राहिली तर चार दिवसांत कुबट वास धरते आणि तो बाळाच्या कपड्यांना लागतो.