धुक्यातला तिरंदाज: फिफ्थ एडिशन की पाथफाइंडर टू?

टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांपैकी डन्जन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती (फिफ्थ) घ्यावी की पाथफाइंडरची दुसरी, असं कोणी विचारलं की मी क्लास, स्पेल, राक्षस यांत शिरत नाही. एकाच हल्ल्यावर तीन-चार नियम एकदम लागू झाले की काय करायचं, तिथे खरा फरक आहे.

फिफ्थचं उत्तर सुटसुटीत. ॲडव्हांटेज म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा; ते कितीही कारणांनी मिळो, फासे दोनच. सोबत डिसॲडव्हांटेज (दोनांतला लहान आकडा) आलं की दोन्ही रद्द आणि एकच फासा. एका बाजूला तीन कारणं आणि दुसरीकडे एकच असलं तरीही. बेरीज नाही, वाद नाही. नवखा खेळाडू पहिल्याच लढाईत हे शिकतो.

माझं बिनसलं ते धुक्यावरून. लाँगबोचा पल्ला १५० फूट, त्यापुढे ६०० फुटांपर्यंत डिसॲडव्हांटेज. म्हणजे लख्ख उजेडात ४०० फुटांवरचा बाण अवघड. आता तिरंदाज स्वतःभोवती फॉग क्लाउड, म्हणजे धुक्याचा मंत्र, करून घेतो. त्याला शत्रू दिसत नाही, म्हणून डिसॲडव्हांटेज. शत्रूला तो दिसत नाही, म्हणून ॲडव्हांटेज. दोन्ही रद्द, आणि त्या रद्दीत लांब पल्ल्याचं डिसॲडव्हांटेजही फुकटात गेलं! काही दिसत नसताना नेम सुधारला. आमच्या तिरंदाजाने हे हेरलं आणि मग दर लढाईत त्याचं एकच पालुपद, ‘आधी धुकं सोड’. शत्रू नेमका कुठे आहे हे कळायला हवं, ही अट आहेच, आणि डीएम (खेळ चालवणारा) नाही म्हणू शकतो. पण दर वेळी डीएमनेच नाही म्हणायचं, तर सुटसुटीत नियमाचा फायदा काय? २०२४ची सुधारित आवृत्ती आली, तरी ही फट तशीच राहिली.

पाथफाइंडरमध्ये फाशाच्या आकड्यात मिळवायच्या प्रत्येक बोनसला जात असते: सर्कमस्टन्स, स्टेटस, आयटेम. एका जातीतला सर्वांत मोठा तेवढा धरायचा, वेगवेगळ्या जातींचे मिळवायचे. पेनल्टीचंही तेच, फक्त ज्यांना जात नाही त्या सगळ्या साचतात. पल्ल्याची पेनल्टी अशीच बिनजातीची. तिथला लाँगबो १०० फुटांच्या टप्प्यांचा, पहिल्यानंतर दर टप्प्याला −२, म्हणून ४०० फुटांवर −६. वर धुकं असेल तर शत्रू कन्सील्ड (अर्धवट झाकलेला), म्हणजे वेगळा फासा टाकून ५ किंवा जास्त आणायचे, नाहीतर बाण वाया. एक अडचण दुसरीला गिळत नाही.

त्रास इथेही आहे. बचावाला ढालीचे +२ आणि साध्या आडोशाचेही +२, पण दोन्ही सर्कमस्टन्स. त्यामुळे भिंतीआड ढाल उचलून उभं राहिलं तरी +२च. क्लेरिकचा (पुजारी) ब्लेस मंत्र आणि बार्डचं (गायक) गाणं दोन्ही स्टेटस, म्हणून एकच धरायचा. क्लेरिकचा चेहरा पडतो तो बघवत नाही. शिवाय दर हल्ल्याला तोंडी हिशेब. तो मला फारसा जाचत नाही, कारण लागणाऱ्या आकड्यापेक्षा १० जास्त आले की क्रिटिकल (दुप्पट मार) असल्याने प्रत्येक +१ जाणवतो.

दिवसभराच्या कामानंतर दमून येणारी मंडळी असतील, तर फिफ्थ घ्या. मजेत काही कमी पडणार नाही बहुधा. पण टेबलावर एक जरी फट शोधणारा असेल, आणि तो असतोच, तर मी पाथफाइंडरकडे झुकेन. त्याचे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या संकेतस्थळावर फुकट आहेत. पुस्तक घेण्याआधी तिथे ‘कन्सील्ड’ आणि ‘ऑफ-गार्ड’ (बेसावध) एवढं वाचून बघा. २०२३च्या रीमास्टरआधीच्या (सुधारणेआधीच्या) प्रतींत ‘ऑफ-गार्ड’चं नाव ‘फ्लॅट-फुटेड’ आहे.